बस रिकामी येते

३ डिसेंबर, बुधवार

पाटणकर साहेबांनी वर बोलावलं. वाटलं, संपलं आपलं. या गोडाऊनला सात महिने झाले, माझ्या मानाने लईच. आधी वाड्याला ढाबा, मग लूमवर कांड्या भरणं, मग टेम्पोवर क्लीनर. कुठेच वर्ष काढलं नाही.

पण भलतंच निघालं. साहेब एचआरचे, ठाण्याहून येतात. खिडकीपाशी नेलं आणि खाली बोट दाखवलं. कंटेनर फाटकात अडकलेला, वळायला जागा नाही, कारण भिंतीला लागून सगळ्यांच्या बाइका. ड्रायव्हर खाली उतरून आईमाई काढत होता.

"रोजचं झालंय हे," साहेब म्हणाले. "एकेक माणूस एकेक गाडी. दसऱ्यापासून खारबावहून बस सुरू केली, तरी गाड्या तेवढ्याच."

आता नवीन स्कीम. बाइकवर दोघं आले तर पिवळा स्टिकर. स्टिकरवाल्याला शेडखाली पार्किंग, आणि दोघांना छोट्या फाटकातून आत. तिथे पंचिंगचं वेगळं मशीन, रांग नाही. एकट्याने आला तर मागच्या मैदानात, धुळीत. कोण कुठून येतो, कोणाच्या मागे कोण बसू शकतो, याची यादी मी करायची.

"मीच का साहेब?"

"तू गावोगाव उंडारत असतोस. तुला कुत्रीसुद्धा ओळखतात."

बरोबर आहे. खाली आलो तेव्हा छाती जरा पुढेच होती.

५ डिसेंबर, शुक्र.

दोन दिवस यादी. म्हणजे पगारी भटकणं. असं काम आधी का नाही सापडलं.

खारबावला खाडीच्या चिखलात एक म्हातारा हाताने निवट्या पकडत होता. चिखलात भोक दिसलं की हात कोपरापर्यंत आत, आणि मासा बाहेर. तासभर तेच बघत बसलो. शेवटी कळलं, त्याचा पोरगा संतोष आपल्याच पॅकिंगला आहे. संत्या! घेतला यादीत. म्हणजे तो तास फुकट नाही गेला.

सगळ्यांना एकच प्रश्न : एकटा का येतोस, बस आहे ना? दिन्या फोर्कलिफ्ट चालवतो, बाइक नवी, दिवसातून दोनदा पुसतो. तो म्हणाला, "साडेपाचला येऊन सांगतात, आज ओटी हाय. बस साडेसहाला सुटते. मंग आठला मी काय उडत जाऊ घरी?"

पुढे ज्याला विचारलं तो हेच बोलला. ओटीचं, म्हणजे ओव्हरटाइमचं, आधी कळत नाही म्हणून माणूस आपली गाडी आणतो. पा. साहेबांना सांगितलं. म्हणाले, "ते ऑपरेशनचं खातं, माझ्या हातात नाही. तू जोड्या बघ."

बघतो.

८ डिसेंबर, सोम.

पहिला दिवस. जोड्या मोजून चार. बाकी सगळे धुळीत.

एकाला मागे बसायला लाज वाटते. एकजण तंबाखू थुंकतो म्हणून त्याच्या मागे कोणी बसेना. दोन साडू एकाच गल्लीत राहतात, एकाच वेळी निघतात, पण वाटणीवरून बोलणं बंद. त्यांना म्हटलं, बाइकवर बोलायचं कशाला, तोंड एकाच दिशेला असतं. नाही ऐकलं.

साहेबांचा चेहरा उतरलेला.

१० डिसेंबर, बुध.

आज डोकं चाललं.

बस इथे वळ गावात गोडाऊनला येते तेव्हा फाटकाच्या अलीकडे चहाच्या टपरीवर दोन मिनिटं थांबते. पवारकाका, म्हणजे ड्रायव्हर, तिथे चहा घेतात. मी तिथेच बाइक लावून उभा होतो. (हो, मी पण एकटाच येतो. मला मधेच कुठे वळावंसं वाटलं तर? बसमध्ये पाय बांधल्यासारखं होतं.) तेवढ्यात दिन्या आला, एकटा. बसमधून संत्या उतरला चहाला.

मी म्हटलं, "संत्या, दिन्याच्या मागे बस. त्याला शेड, तुला छोटं फाटक."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि बसलाच तो मागे. फाटकात वॉचमन यादवजींनी रजिस्टरमध्ये 'जोडी' लिहिलं. झालं! कोणाचं काय गेलं?

१३ डिसेंबर, शनि.

आता टपरीवर रोज सकाळी लग्नसराई. बस थांबली की निम्मी खाली, ज्याला जी बाइक मिळेल तिच्यामागे. मला भटजी म्हणायला लागलेत. बिहारचा तो नवीन पॅकर, "भटजी, हमारा भी जोड़ा लगा दो, दहेज नहीं मांगेंगे." सगळी टपरी हसली.

पा. साहेबांनी छोट्या फाटकाचे फोटो काढून मुंबई ऑफिसला पाठवले. पाठीवर थाप. जानेवारीत माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय त्याचं बघतो म्हणाले. मला कोणी थाप मारल्याला किती दिवस झाले, आठवत नाही.

१७ डिसेंबर, बुध.

संध्याकाळी सुरेखाताई पडवीत आली. मी तिच्याकडेच राहतो, तिच्या सासरी, खारबावला. भावोजी ट्रेलरवर, महिन्यातून दोनदा घरी. बस सुरू झाली तेव्हापासून ती पण आपल्याच गोडाऊनला, स्कॅनरच्या टेबलावर. जानेवारी पूर्ण भरला की पक्की करणार आहेत.

म्हणाली, "निल्या, आज फाटकातून बस आत गेली तवा आम्ही चौघी बायाच होतो. यादवजी आत डोकावून हसला. म्हनला, खाली गाड़ी आई है."

मी म्हटलं, बरं आहे ना, हातपाय पसरून बसा.

ती काहीतरी बोलणार होती. पलीकडच्या आळीत हळदीचा डीजे लागला, मी बघायला गेलो. आता लिहिताना आठवतंय की ती दारातच उभी राहिली होती.

२२ डिसेंबर, सोम.

नोटीस लागली. खारबाव बस १ जानेवारीपासून बंद. कारण : फाटकावरच्या नोंदीप्रमाणे बसला माणसं नाहीत, जोडीची स्कीम यशस्वी.

तीनदा वाचली. यशस्वी.

ते मीच केलंय. माणसं बसनेच येतात सगळी. फक्त फाटकाच्या अलीकडे उतरतात. मोजतात फाटकात.

साहेब जिन्यात भेटले, खुशीत. "निलेश, तुझ्यामुळे बसचा खर्चही वाचला." मी तसाच खाली उतरत राहिलो.

२२, रात्री जेवताना

ताईने घरी सांगितलंच. मावशी, म्हणजे तिची सासू, ताटावरून न उठता म्हणाली, "मंग राहू दे ती नोकरी."

मी म्हटलं, "मावशी, मी नेईन की ताईला. माझ्या मागे बसेल."

चुकलो. या घरात ते बोलायचं नसतं. तिचा धाकटा, राकेश, दोन वर्षांपूर्वी पहाटे बाइकवरून ड्युटीला जाताना कंटेनरला मागून धडकला, जागेवरच गेला. मावशीने माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. ताटालाच म्हणाली, "या घरातनं फटफटीवर आता कोन जायाचा न्हाय. एक गेला." मी रोज बाइकवर जातो ते चालतं, मी सुनेचा भाऊ, घरातला नाही.

शेअर रिक्षा? अंजूरफाट्याला बदलायची, सकाळी चौथ्या सीटवर ड्रायव्हरला चिकटून. त्याला तर भावोजीच हो म्हणणार नाहीत. म्हणजे बस नाही तर ताई नाही.

ताईने भांडी घासली. आवाज न करता. तिचा आवाज येतो नेहमी.

तिला अजून माहीत नाही, बस का रिकामी दिसते ते. का माहीत आहे?

२३ डिसेंबर, मंगळ.

टपरीवर सगळ्यांना हात जोडले. बसमधूनच आत चला, आठच दिवस.

दिन्या म्हणाला, "वा रे भटजी! तूच लग्नं लावलीस, आता तूच सोडचिठ्ठी? मी धुळीत गाडी न्हाय लावनार."

"बस बंद होतेय दिन्या."

"मग होऊ दे. मना काय फरक पडतो? मी बसनी येतो का?"

संत्याला म्हटलं, तू तर येतोस. तुला काय वाटतं, टपरीपर्यंत चालत येणार का खारबावहून? तो म्हणाला, "अरे, रांगेत वीस मिन्टं जातात रं. आजचा दिवस जाऊ दे." आणि बसला दिन्याच्या मागे.

यादवजींना गाठलं. टपरीवर उतरलेल्यांना बसमध्ये धरा म्हटलं. ते रजिस्टर मिटून म्हणाले, "बेटा, मेरी नौकरी गेट की है. जो गेट से घुसा, जैसे घुसा, वही लिखूँगा. चाय की टपरी मेरे रजिस्टर में नहीं आती."

बरोबरच बोलले. राग त्यामुळेच आला.

२४ डिसेंबर, बुध.

पळून जावंसं वाटतंय. खरंच. पालघरकडे एकजण बोलावतोय, चिकूच्या बागेत. आजपर्यंत असंच केलं, गुंता झाला की दुसरं गाव. सकाळी बाइक अंजूरफाट्यावरून डावीकडे न नेता सरळ नेली पण. कुठे ते ठरलं नव्हतं. एका ठिकाणी रस्त्याच्या कडेला गाढवांवरून रेती उतरवत होते, बघत थांबलो. एक गाढव रिकामं झालं तरी हलेना. मालक ढकलतोय, ते उभंच.

अर्ध्या तासाने मागे फिरलो. लेट मार्क.

संध्याकाळी ताईला सगळं सांगितलं. टपरी, जोड्या, सगळं. ती तांदूळ निवडत होती.

"मना म्हायती हाय," म्हणाली. "मी बसमधीच बसलेली असते रं. खिडकीतनं दिसतो तू."

"मग बोलली का नाहीस?"

"सतराला बोलायला आलेली. तू डीजे बघायला गेलास."

२६ डिसेंबर, शुक्र.

साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. बस म्हणाले, बसलो नाही.

सांगितलं. ते ऐकताना पेन उघडत होते, मिटत होते.

"म्हणजे मी मुंबईला फोटो पाठवले, ते..."

"फोटो खरे आहेत साहेब. टपरीपासूनचे."

"आयडिया कोणाची?"

"माझी."

"कोण कोण उतरतं? नावं दे."

"नावं नाही देणार. माझं लिहून घ्या."

पेन टेबलावर टाकलं. मग म्हणाले, दीड महिना झटलो मी त्या बससाठी, वरच्यांशी भांडलो, आणि तुम्ही लोक... एकट्याने गाडी आणायची सवयच सुटत नाही तुमची.

इथे माझी जीभ घसरली. "साहेब, तुमच्या कारमध्ये पण चार सीटा रिकाम्या येतात."

गेलं, म्हटलं. सगळंच गेलं.

"बाहेर थांब."

अर्धा तास बाहेर. पाण्याच्या कूलरवर मुंग्यांची रांग होती, ती बघत होतो. आत बोलावलं. पिवळे स्टिकर सगळे रद्द. सोमवार ते बुधवार, एकतीसपर्यंत, ते स्वतः फाटकात उभे राहून मोजणार. रोज निम्मी तरी बस भरून आत आली तर मुंबईशी बोलतील. एक दिवस जरी कमी भरली तर नोटीस तशीच.

"आणि तुझ्या कॉन्ट्रॅक्टचं आता मी काही बोलू शकत नाही."

मी म्हटलं, ताईचं बघा साहेब, माझं राहू दे. आणि ओटीचं परत सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत फळ्यावर लिहिलं की आज ओटी आहे, आणि ओटीवाल्यांना सोडायला गाडी असली, तर कोण कशाला आणेल बाइक? यावेळी त्यांनी ते कागदावर लिहिलं. लिहिलं म्हणजे केलं असं नाही.

२७ डिसेंबर, शनि.

शेडमध्ये स्टिकर काढून घेतले. नावं दिली नाहीत तरी सगळ्यांना कळलं कोणी सांगितलं ते. डब्याला माझ्या बाजूला कोणी बसलं नाही. दिन्याने फोर्कलिफ्ट माझ्या अंगावरून इतकी जवळून नेली की शर्टाला वारा लागला.

सुटल्यावर बघतो तर बाइकची दोन्ही चाकं बसलेली. ढकलत नेली. मागून कोणीतरी, "भटजी, आता तुझी जोडी चाकाशी!"

हसलो नाही. पण वाईट नव्हता जोक.

२८ डिसेंबर, रवि.

घरोघर. खारबावला जेवढे माहीत होते तेवढ्यांकडे. एकाने चहा दिला, एकाने दारातूनच परत पाठवलं. संत्याचा बाप म्हणाला, पोरगा झोपलाय. पोरगा आतून खोकला.

दिन्याकडे पण गेलो. बाइक पुसत होता. वर न बघता म्हणाला, "मी बसमधी बसतो. मग ओटी लागली तर तू येशील मना सोडायला?"

"येईन."

"आनि बाकीच्यांना?"



मावशी विचारते, बस राहील का रं? तिलाही ताईने जावं असंच वाटतं, हे आज कळलं. ताईचं कंपनीचं जाकीट तिने स्वतः धुऊन दोरीवर टाकलेलं.

२९ डिसेंबर, सोम., जेवणाची सुट्टी

सकाळी बाइक घरी ठेवली. बसमध्ये शेवटच्या सीटवर. दिन्या चढला! मान दुसरीकडे करून, पण चढला. संत्या चढला. गाडी निम्म्याच्या वर भरली. मोजत होतो, परत परत.

टपरी आली. पवारकाकांनी सवयीने ब्रेक मारला, दार उघडलं. बाहेर बाइकवाले उभेच. स्टिकर नाहीत, तरी एकाने हॉर्न दिला, चल रे म्हणून. आणि माणसं उठली. सवयच. पाच-सहाजण एकदम.

मी काही बोलायच्या आधी ताई उठली. पुढच्या सीटवरून, दारापाशी.

"उतरा. कोन अडवत न्हाय. पन माज्याकडं बघून उतरा. बस बंद झाली का मी घरी बसनार. कोनामुळं बसले ती तोंडं मना बघून ठेवायची हायत."

संत्या अर्धा उभा, अर्धा बसलेला. "ताई, मी निस्ता चहा प्यायला..."

"चहा मी पाजते आत गेल्यावर. बस खाली."

कोणीतरी हसलं, मग बरेच हसले. दोघं उतरलेच, ताईकडे न बघता. बाकीचे बसले. दिन्या तर उठलाच नव्हता.

फाटकात साहेब स्वतः. बसमध्ये चढून बोटाने मोजलं. आकडा नाही सांगितला, नुसती मान हलवली. त्यांच्या कारमधून आज काल्हेरच्या अकाउंटवाल्या मॅडम उतरल्या, हे यादवजींनी मला डोळा मारून दाखवलं.

फळ्यावर ओटीचं काही लिहिलेलं नाही. म्हणजे आज नसेल. नसू दे.

२९, संध्याकाळ, बसमध्येच बसून

पावणेसहाला सांगितलं. ओटी. भिवंडीच्या पलीकडे अडकलेला कंटेनर आत्ता आला, आठपर्यंत भरायचा. सकाळी बसने आलेल्यांतले बहुतेक त्यातच. दिन्या, संत्या, सगळे. कोणाकडे गाडी नाही.

दिन्या काही ओरडला नाही. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बघ." एवढंच. मग फोर्कलिफ्टवर चढला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

बसची एकच फेरी ठरलेली. साडेसहाला सुटली की संपलं. ती आज या लोकांना सोडून गेली तर उद्या सगळे बाइकवर, आणि साहेब बस मोजायला कशाला येतील. थांबवायची तर मुंबईची परवानगी लागते. साहेबांना वर जाऊन सांगितलं. ते आधीच फोनवर होते. हाताने मला खाली जा म्हणाले.

आता सात वाजत आले. पवारकाकांनी दोनदा इंजिन चालू करून बंद केलं. "पोरा, मी मालकाला काय सांगू? मना फोन यायला लागलेत."

"पाच मिनिटं काका."

"तीच पाच मिनिटं अर्धा तास चाललीत."

चौघी बायकांपैकी दोघी कुरकुरतात, घरी पोरं आहेत. खोटं नाही. मावशीचा फोन आला. ताई म्हणाली, "आई, बस फाटकात हाय. मी बसमधीच हाय. उशीर व्हईल." पलीकडून काहीतरी बराच वेळ. ताई नुसती हूं हूं. मग, "न्हाय. फटफटीवर न्हाय. बसनीच येनार. पन सगल्यांना घेऊन."

साहेब जिन्यात आलेत. फोन अजून कानाला. तोंडावरून काही कळत नाही.

पवारकाकांनी तिसऱ्यांदा चावी फिरवली. ताई सीटवरून उठली आणि दाराच्या पायरीवर जाऊन बसली, पाय बाहेर सोडून.

"सुरेखा, आत ये. दार लावायचंय."

"लावू नका अजून," ती म्हणाली.